ॲटॉमिक फोर्स मायक्रोस्कोप आणि जैविक नमुने : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतल्या कॉलेजांमधून मुलं-मुली आमच्या जळगावच्या ॲटॉमिक फोर्स मायक्रोस्कोपवर, म्हणजे एएफएमवर, तपासायला नमुने घेऊन येतात. कुणी सूक्ष्मजीवशास्त्राचं, कुणी वनस्पतिशास्त्राचं, कुणी फार्मसीचं. बहुतेकांच्या हाती एकच दिवस असतो: दोन-तीन तासांचा स्लॉट आणि संध्याकाळची परतीची बस. तो दिवस चुकीच्या नमुन्यापायी वाया गेला की मला फार वाईट वाटतं, कारण अडचण बहुतेक वेळा यंत्राची नसते, घरून निघण्याआधीच्या तयारीची असते. म्हणून गेल्या काही वर्षांत मला पुन्हा पुन्हा विचारले गेलेले प्रश्न इथे लिहिते आहे.

प्र. या यंत्रात भिंग कुठे असतं?

टिप, म्हणजे नमुन्याला टेकणारं टोक, नमुन्यावर नेऊन ठेवण्यापुरतं एक भिंग आणि कॅमेरा असतो. तुमचं चित्र मात्र त्यातून येत नाही, ते स्पर्शातून येतं. कापसाचा जाणता व्यापारी रुई चिमटीत धरून तिचा पोत सांगतो, तसंच हे काम आहे; फक्त इथलं बोट फार बारीक आहे.

ते बोट म्हणजे शे-दोनशे मायक्रॉन लांबीची सिलिकॉनची किंवा सिलिकॉन नायट्राइडची पट्टी. तिला कॅन्टिलिव्हर म्हणतात. घराच्या सज्जासारखी ती एकाच बाजूने धरलेली असते आणि मोकळ्या टोकाखाली टिप असते. टिपच्या अणीची त्रिज्या साधारण २ ते २० नॅनोमीटर. पट्टीच्या पाठीवर लेझर पडतो, तिथून परावर्तित होऊन चार भागांच्या फोटोडायोडवर जातो. पट्टी नॅनोमीटरच्या काही अंशाने वाकली तरी डायोडवरचा ठिपका सरकतो. मग फीडबॅक टिपला किंवा नमुन्याला पिझोच्या (विजेने किंचित लांब-आखूड होणाऱ्या स्फटिकाच्या) मदतीने वर-खाली करतो आणि पट्टीचं वाकणं ठरवलेल्या पातळीवर आणून ठेवतो. प्रत्येक बिंदूवर किती वर-खाली व्हावं लागलं, त्याची नोंद म्हणजे तुमची इमेज.

गेर्ड बिनिग, केल्विन क्वेट आणि क्रिस्टोफ गर्बर यांनी १९८६ साली हे यंत्र मांडलं. त्याआधीचा स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोप, ज्यासाठी बिनिग आणि हाइनरिश रोरर यांना त्याच वर्षी नोबेल मिळालं, फक्त वीजवाहक पृष्ठभागांवर चालायचा. प्रथिनं आणि पेशी त्यात नीट बसत नव्हत्या. एएफएमला विजेच्या वहनाची गरजच नाही, म्हणून जीवशास्त्राला दार उघडलं.

प्र. एसईएमने (स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने) पेशींचे सुंदर फोटो येतात. मग एएफएम कशाला?

तुम्हाला फक्त आकार दाखवायचा असेल, एका फोटोत पन्नास पेशी हव्या असतील, तर एसईएमच करा. मी स्वतः कितीतरी जणांना तसं सांगून परत पाठवलं आहे. एएफएमचं क्षेत्र लहान असतं, बहुधा फार तर १०० बाय १०० मायक्रॉन, आणि ते संथ चालतं.

एएफएम दोन ठिकाणी खरं उपयोगी पडतं. पहिलं, उंची थेट आकड्यात मिळते, आणि सोन्याचा मुलामा किंवा निर्वात पोकळी काहीच लागत नाही. दुसरं, नमुना पाण्यात, बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात), अगदी जिवंत असताना तपासता येतो आणि त्याला दाबून तो किती मऊ आहे हे मोजता येतं. तुमच्या प्रश्नात या दोहोंपैकी काही नसेल तर स्लॉट दुसऱ्याला मिळू द्या.

प्र. आपल्या भागातले कोणते नमुने यावर करता येतील?

कापसापासून सुरुवात करते, कारण तो अनेकांना सुचतच नाही. कापसाचा एक तंतू म्हणजे सरकीच्या सालीवरची एकच वाढलेली पेशी: लांबी अडीच-तीन सेंटिमीटर, जाडी मात्र जेमतेम १५ मायक्रॉनच्या आसपास. तंतूवरचा मेणाचा थर काढला की खाली सेल्युलोजचे सूक्ष्म धागे दिसतात. तंतू दुहेरी चिकटपट्टीवर ताणून बसवा आणि त्याच्या माथ्यावरचा दोन ते पाच मायक्रॉनचाच तुकडा स्कॅन करा. कडेला गेलात तर उतारावरून टिप घसरते.

केळीचा स्टार्च आणायचा असेल तर आधी हे ऐका. कच्च्या केळ्यातल्या स्टार्चचे कण बरेचदा २० ते ५० मायक्रॉन असतात. टिप वर-खाली जाण्याची मर्यादा बहुतेक यंत्रांत १० ते १५ मायक्रॉन असते. म्हणजे नुसते कण काचेवर भुरभुरले तर टिप त्यांच्यावर आदळणार. कण रेझिनमध्ये बसवून कापावे लागतात किंवा चिकट थरात अर्धे रुतवावे लागतात.

रावेर-यावल पट्ट्यातली मुलं हरण्या रोगाची पानं घेऊन येतात. त्यामागे मावा किडीतून पसरणारा कुकुंबर मोझॅक व्हायरस असतो. त्याचा कण गोलसर, जवळपास २९ नॅनोमीटरचा, म्हणजे एएफएमला सहज दिसेल असा. पण पानाचा रस थेट थेंबवला तर त्यात प्रथिनं, क्लोरोप्लास्टचे तुकडे, शर्करा असं सगळं येतं आणि ३० नॅनोमीटरच्या गोळ्या त्यात हजार असतात. विषाणू शुद्ध करून आणा, किंवा त्याची प्रतिपिंडं लावलेल्या पृष्ठभागावर पकडून आणा. शेतकऱ्याला रोग आहे की नाही एवढंच सांगायचं असेल तर एलायझा किंवा आरटी-पीसीआर करा.

शेतातल्या मातीतले ॲझोटोबॅक्टर, कडधान्यांच्या मुळांवरच्या गाठींतले रायझोबियम, पाण्याच्या पाइपमधली बायोफिल्म (जिवाणूंचा चिकट थर), प्लाझ्मिड डीएनए (जिवाणूतलं छोटं गोल डीएनए), तांबड्या पेशी हे सगळं होतं.

प्र. नमुना बसवायला अभ्रकच का? काचेची स्लाइड चालणार नाही का?

जिवाणू आणि मोठ्या पेशींना काच चालते. डीएनए, प्रथिनं, विषाणू यांना चालत नाही. डीएनएची जाडी २ नॅनोमीटर. साध्या काचेचे चढ-उतारच एक-दोन नॅनोमीटरचे असतात, त्यात तो हरवून जातो.

मस्कोव्हाइट अभ्रकाचे पापुद्रे सुटतात आणि सुटलेला पृष्ठभाग अणूंच्या पातळीवर सपाट असतो. आपल्या देशातल्या झारखंडच्या कोडरमा भागातलं अभ्रक जगभर ओळखलं जातं. वरच्या बाजूला साधी चिकटपट्टी दाबून लावा आणि एका झटक्यात ओढा. पट्टीवर सलग, अखंड पापुद्रा आला पाहिजे; फाटका आला तर पुन्हा करा. सोलल्यानंतर पाच-दहा मिनिटांत नमुना टाका. आदल्या रात्री होस्टेलवर सोलून डबीत भरून आणलेलं अभ्रक मी वापरू देत नाही, हवेतली घाण त्यावर बसलेली असते.

प्र. डीएनए अभ्रकावर टिकतच नाही. धुतलं की सगळं रिकामं. काय चुकतं?

पाण्यात अभ्रकाचा पृष्ठभाग ऋण भाराचा होतो आणि डीएनएही ऋण भाराचा. दोघं एकमेकांना ढकलतात. मध्ये दुवा म्हणून मॅग्नेशियमचे किंवा निकेलचे दोन धन भाराचे आयन लागतात. साधारण ५ ते १० मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड किंवा त्याहून थोडं कमी निकेल क्लोराइड पुरतं. निकेल जास्त घट्ट धरतं.

आता खरी चूक. तुमचा डीएनए बहुधा टीई बफरमध्ये असतो आणि टीईमध्ये ईडीटीए असतं. ईडीटीएचं कामच असे आयन पकडून ठेवण्याचं. तुम्ही घातलेलं मॅग्नेशियम तेच खाऊन टाकतं. डीएनए टीईमधून काढून साध्या ट्रिस बफरमध्ये घ्या, किंवा इतका पातळ करा की ईडीटीए नगण्य होईल. मायक्रोलिटरला अर्धा ते एक नॅनोग्रॅम डीएनए, १० मायक्रोलिटरचा थेंब, दोन ते पाच मिनिटं, मग अतिशुद्ध पाण्याने हलकं धुणं आणि नायट्रोजनच्या मंद झोताने वाळवणं. जेल डॉकवर (जेलचा फोटो घेणाऱ्या यंत्रावर) भरघोस पट्टा दिसावा म्हणून घेतो तेवढा डीएनए इथे घेतलात तर नुसती जाळी दिसेल.

खात्री करायचा सोपा मार्ग: बेसच्या एका जोडीमागे ०.३४ नॅनोमीटर लांबी. ३००० जोड्यांचं प्लाझ्मिड असेल तर एकूण घेर १ मायक्रॉनच्या जरासा वर यायला हवा. तो जुळला तर समोरचं डीएनएच आहे असं मी मानते.

प्र. डीएनएची जाडी २ नॅनोमीटर म्हणता, माझ्या इमेजमध्ये १२ का दिसते?

रुंदीवर कधीच विसंबू नका. टिप डीएनएच्या शेजारी पोचण्याआधीच तिचा कडेचा भाग त्याला टेकतो आणि तेव्हापासूनच यंत्र चढ नोंदवायला लागतं. १० नॅनोमीटर त्रिज्येची टिप आणि १ नॅनोमीटर त्रिज्येचा डीएनए धरला तर हिशेबाने सुमारे १२.६ नॅनोमीटर रुंदी येते. तुमचा आकडा बरोबर आहे, तो टिपचा आणि डीएनएचा मिळून आहे.

उंची जास्त विश्वासाची. तरी हवेत स्कॅन केलेल्या डीएनएची उंची दोनऐवजी अर्धा ते एक नॅनोमीटर येते, कारण टिप त्याला दाबते आणि आजूबाजूला क्षारांचा पातळ थर बसलेला असतो. प्रबंधात उंची आणि रुंदी दोन्ही द्या आणि टिपची त्रिज्या लिहा.

प्र. जिवाणू स्कॅन करताना सरकतात, टिपबरोबर ओढले जातात. उपाय?

जिलेटिनचा थर दिलेलं अभ्रक किंवा पॉली-एल-लायसिन लावलेली काच घ्या. जिवाणूंच्या भिंतीचा ऋण भार पॉली-एल-लायसिनच्या धन भाराला चिकटतो. पंधरा-वीस मिनिटं बसू द्या आणि न चिकटलेले धुऊन टाका. त्याआधी वाढीचं माध्यम पूर्ण काढणं महत्त्वाचं. माध्यमातली प्रथिनं आधी जाऊन सगळ्या जागा अडवतात. सेंट्रिफ्यूज हळू चालवा. जोरात फिरवलेल्या पेशींचे फ्लॅजेला (पोहण्याच्या शेपट्या) तुटतात आणि मग "माझ्या जीवाणूला फ्लॅजेला नाहीत" असा निष्कर्ष निघतो.

प्र. माझ्या इमेजमध्ये नेचाच्या पानांसारखे अतिशय सुंदर आकार आलेत. हे काय?

अमळनेरकडची एक मुलगी स्क्रीनकडे बोट दाखवून म्हणाली होती, "मॅडम, हाई काय शे?" तिचे डोळे चमकत होते. मला तिला सांगावं लागलं की ते मीठ आहे.

फॉस्फेट बफर सलाइन हवेत वाळलं की सोडियम क्लोराइड आणि फॉस्फेटचे स्फटिक तयार होतात. ते फांद्याफांद्यांनी वाढतात आणि छान दिसतात. सुरुवातीच्या काळात मी स्वतः अशा कणांची उंची मोजून दोन दिवस वहीत जिवाणू म्हणून नोंदवली होती. कोऱ्या बफरचा थेंब वाळवून स्कॅन केला तेव्हा तेच कण तिथेही दिसले आणि ती पानं मी वहीतून रद्द केली. त्या दिवसापासून नियम केला: प्रत्येक नमुन्याबरोबर एक कोरा नमुना, त्याच बफरचा, त्याच दिवशीचा. तो नसेल तर मी स्कॅन सुरू करत नाही.

हवेत वाळवायचंच असेल तर शेवटचं धुणं पाण्याने करा किंवा अमोनियम ॲसिटेट वापरा. ते वाळताना उडून जातं.

प्र. कॉन्टॅक्ट मोड की टॅपिंग?

मऊ, सैल चिकटलेल्या जैविक नमुन्याला टॅपिंग. यात पट्टी थरथरत असते आणि टिप प्रत्येक थरथरीत क्षणभरच टेकते, त्यामुळे आडवा ओढा कमी बसतो. कॉन्टॅक्ट मोडमध्ये टिप सतत घासत जाते. घट्ट बांधलेल्या पटलांवर मात्र कॉन्टॅक्टनेच अप्रतिम काम झालं आहे. बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिनच्या जांभळ्या पटलातले एकेक प्रथिन बफरमध्ये, कॉन्टॅक्टने, नॅनोमीटरहून कमी विभेदनाने दिसले आहेत. नव्या यंत्रांत प्रत्येक पिक्सेलवर फोर्स कर्व्ह (बळ आणि खोलीचा आलेख) घेणारे मोडही असतात. पेशींना ते फार मानवतात.

प्र. कोणती टिप मागवू?

कॅन्टिलिव्हरचा कडकपणा आधी ठरवा. त्याला स्प्रिंग कॉन्स्टंट म्हणतात. ०.०५ न्यूटन प्रति मीटरची पट्टी २० नॅनोमीटर वाकली तर नमुन्यावर १ नॅनोन्यूटन बळ येतं, म्हणजे एका मायक्रोग्रॅमच्या दहाव्या भागाचं वजन ठेवल्यासारखं. हवेत टॅपिंगला वापरतात ती ४० न्यूटन प्रति मीटरची पट्टी तेवढीच वाकली तर ८०० नॅनोन्यूटन. जिवंत पेशीवर ती चुकून बसली की पेशीला भोक पडतं.

जिवंत पेशींना ०.०१ ते ०.१, हवेत वाळवलेल्या जिवाणूंना आणि डीएनएला कडक सिलिकॉनच्या टॅपिंग टिप, द्रवातल्या टॅपिंगला मऊ सिलिकॉन नायट्राइड. एवढ्यावर बहुतेकांचं भागतं.

प्र. इमेजमधले रंग खरे असतात का?

नाही. रंग म्हणजे उंचीची पट्टी, नकाशातल्या डोंगरांसारखी. पट्टी न दाखवता इमेज छापू नका.

प्र. पेशीचा मऊपणा कसा मोजतात? आकडे इतके वेगवेगळे का येतात?

हा माझ्या मते या यंत्राचा सगळ्यात मोलाचा उपयोग आहे आणि सर्वांत जास्त चुकाही इथेच होतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

टिप पेशीवर हळू खाली आणतात, ठरावीक बळ येईपर्यंत दाबतात आणि परत उचलतात. बळ आणि खोली यांचा जो आलेख येतो तो फोर्स कर्व्ह. त्याला हर्ट्झचं किंवा स्नेडनचं प्रतिमान बसवून यंग मॉड्युलस, म्हणजे कडकपणाचा आकडा, काढतात. टिप गोल असेल तर बळ खोलीच्या दीडाव्या घातात वाढतं, शंकूसारखी असेल तर वर्गात. चुकीचा आकार निवडला की सगळा हिशेब बिघडतो. जिवंत प्राणिपेशींचा मॉड्युलस बहुतेकदा काही शे पास्कल ते काही किलोपास्कल असतो. खालच्या प्लास्टिकच्या डिशचा दोन-तीन गिगापास्कल, म्हणजे लाखोपट.

म्हणूनच किती खोल दाबायचं याला मर्यादा आहे. पेशीच्या जाडीच्या दहाव्या भागाहून खोल गेलात की टिपला डिश जाणवू लागते आणि पेशी खोटीच कडक दिसते. ५ मायक्रॉन उंचीच्या पेशीला अर्धा मायक्रॉन चालतं. तांबडी पेशी कडेलाही जेमतेम दोन-अडीच मायक्रॉनची, तिथे २०० नॅनोमीटर पुरे.

दुसरं, कॅन्टिलिव्हरच्या डबीवर छापलेला स्प्रिंग कॉन्स्टंट वापरू नका. तो अंदाज असतो, दुप्पट-निम्मा फरक सहज निघतो. आधी काचेवर कर्व्ह घेऊन डिफ्लेक्शन सेन्सिटिव्हिटी (पट्टी किती वाकली की डायोडवरचा संकेत किती बदलतो) काढा, मग थर्मल ट्यूनने (उष्णतेने होणाऱ्या पट्टीच्या थरथरीवरून) स्प्रिंग कॉन्स्टंट. या दोन गोष्टी दर दिवशी, दर टिपला.

तिसरं, ग्लुटराल्डिहाइडने फिक्स केलेल्या पेशीचा मॉड्युलस हा रसायनाने जोडलेल्या प्रथिनांचा मॉड्युलस असतो. आकारासाठी फिक्स केलेलं चालेल, मऊपणासाठी नाही.

चौथं, दाबण्याचा वेग. पेशी पाण्याने भरलेली असते, वेगाने दाबली तर कडक लागते. सेकंदाला १ ते ५ मायक्रॉनच्या आत राहा आणि सगळ्या नमुन्यांना एकच वेग ठेवा.

पाचवं, संख्या. एका पेशीवर शंभर कर्व्ह घेतले म्हणजे शंभर नमुने झाले असं नव्हे. तो एकच नमुना आहे. मी किमान तीस पेशी मागते, शक्यतो तीन वेगवेगळ्या दिवसांच्या, आणि रुग्णांची तुलना असेल तर रुग्णांची संख्या हीच खरी संख्या. सरासरीऐवजी मध्यक द्या आणि विखुरलेले बिंदू आलेखात दिसू द्या.

एवढं सगळं पाळूनही दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळतीलच असं नाही. पण एकाच दिवशी, एकाच टिपने, शेजारीशेजारी मोजलेल्या निरोगी आणि आजारी पेशींतला फरक भरवशाचा असतो. तुमचा प्रयोग त्यावर उभा करा.

प्र. नंदुरबारमधल्या सिकलसेलच्या तपासणीसाठी एएफएम वापरता येईल का?

हा प्रश्न धडगाव, तळोदा, अक्कलकुवा भागातली मुलं मनापासून विचारतात, कारण त्यांच्या घरात किंवा पाड्यावर कुणीतरी या आजाराने वेदना सोसलेली असते. तपासणीसाठी एएफएम योग्य नाही. त्यासाठी विद्राव्यता चाचणी आणि खात्रीसाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी आहे. त्या स्वस्त आहेत आणि तालुक्यापर्यंत नेता येतात. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा भरही अशा तपासण्यांवरच आहे.

आजार समजून घ्यायला मात्र एएफएम खूप शिकवतं. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. ऑक्सिजन सुटला की हे रेणू एकमेकांना चिकटून साधारण २१ नॅनोमीटर जाडीचे लांब तंतू करतात, ते पेशीला आतून ताणतात आणि ती कोयत्याच्या आकाराची व कडक होते. बारीक केशवाहिन्यांत ती अडकते.

इथे तयारीतली एक चूक वारंवार होते. उघड्या हवेत स्मिअर (काचेवर रक्ताचा पातळ थर) केला की पेशींना ऑक्सिजन मिळतो आणि बऱ्याचशा पुन्हा चकतीसारख्या होतात. मग सिकल पेशीच सापडत नाहीत. आधी सोडियम मेटाबायसल्फाइटने ऑक्सिजन काढा, बंद झाकणाखाली ठेवा आणि त्याच अवस्थेत फिक्स करा.

रक्ताचे नमुने आणताना दात्याची लेखी संमती आणि संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता लागते. ट्यूबवर नाव नको, फक्त क्रमांक. कागद नसतील तर मी ट्यूब उघडत नाही. आपल्याच पाड्यावरच्या माणसाचं रक्त असलं तरी नियम तोच.

प्र. उन्हाळ्यात येऊ की हिवाळ्यात?

जमलं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. जळगावचा पारा ४५ च्या आसपास जातो तेव्हा दुपारी खोलीचं तापमान एसी लावूनही डोलत राहतं. एक सेंटिमीटर ॲल्युमिनियम एका अंशाला २३० नॅनोमीटर प्रसरण पावतं. तुमचा आख्खा स्कॅन ५०० नॅनोमीटरचा असेल तर निम्मी चौकट नुसत्या उष्णतेने सरकली. कॅन्टिलिव्हरच्या पाठीवर सोन्याचा थर असतो. सोनं आणि नायट्राइड वेगवेगळे प्रसरण पावतात, त्यामुळे पट्टी आपोआप वाकते. उन्हाळ्यात मी यंत्र दोन तास आधी चालू करून ठेवते आणि नाजूक कामं पहाटे घेते. खोलीत कूलर अजिबात चालणार नाही, त्याच्या पंख्याची थरथर आणि ओलावा दोन्ही इमेजमध्ये येतात.

कोरड्या हवेचा आणखी एक त्रास म्हणजे स्थिर विद्युत. एप्रिल-मेमध्ये नुकतंच सोललेलं अभ्रक इतकं भारित असतं की टिप लांबूनच ओढली जाते आणि यंत्राला वाटतं नमुना आला. पावसाळ्यात उलट, पृष्ठभागावर पाण्याचा थर बसतो आणि टिप त्यात अडकते.

रेल्वेचंही ध्यानात ठेवा. भुसावळच्या लाइनवरून मालगाडी गेली की इमेजमध्ये आडव्या लहरी उमटतात. आम्ही यंत्र जड दगडी लादीवर ठेवून ती लादी लवचीक दोरांवर झोपाळ्यासारखी टांगली आहे, तरी काही थरथर पोचतेच. तशी एखादी ओळ आली तर ती ओळ पुन्हा घ्या, चिंता करू नका.

प्र. एका इमेजला किती वेळ?

सेकंदाला एक ओळ आणि ५१२ ओळी म्हणजे साडेआठ मिनिटं. चांगली जागा शोधायला त्याहून जास्त. दोन तासांत चार-पाच कामाच्या इमेज मिळाल्या तर दिवस उत्तम गेला. जपानच्या कानाझावा विद्यापीठात तोशिओ आंदो यांनी विकसित केलेल्या हाय-स्पीड एएफएमवर एका सेकंदात अनेक चौकटी मिळतात; २०१० मध्ये मायोसिन-५ हे प्रथिन ॲक्टिनच्या तंतूवर पावलं टाकत चालताना त्यावर प्रत्यक्ष दिसलं. तो व्हिडिओ एकदा जरूर बघा. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा बराच वेळ खुर्चीतून उठले नव्हते.

प्र. मोठ्या पेशीच्या दोन्ही बाजूंना काळी पट्टी दिसते. पेशीभोवती खळगा आहे का?

खळगा नाही. सॉफ्टवेअर प्रत्येक ओळ सपाट करताना उंच पेशीलाही हिशेबात धरतं आणि बाजूचा भाग खाली ढकलतं. पेशीवर मास्क लावून, म्हणजे तिला हिशेबातून वगळून, मगच सपाट करा. ग्विडियन हे मोफत सॉफ्टवेअर यासाठी पुरेसं आहे. मूळ फाइल कधीही पुसू नका.

सगळ्या कणांचा आकार एकसारखा, एकाच दिशेला झुकलेला दिसला तर टिप मोडली आहे किंवा तिला दोन टोकं झाली आहेत. नमुना ९० अंशांत फिरवा. आकार फिरले नाहीत तर दोष टिपचा.

प्र. पृष्ठभागाचा खडबडीतपणा दोन नमुन्यांत तुलना करू शकते ना?

स्कॅनचा आकार आणि पिक्सेल सारखे असतील तरच. १ मायक्रॉनच्या आणि १० मायक्रॉनच्या स्कॅनमधून काढलेले आकडे एका तक्त्यात टाकू नका.

प्र. नमुना लांबून कसा आणू?

धडगावहून जळगावला बस बदलत यायला अर्धा दिवस जातो, आणि मेच्या उन्हात बसमधल्या पिशवीत जिवाणू टिकत नाहीत. आकारच बघायचा असेल तर गावीच १ टक्का ग्लुटराल्डिहाइडमध्ये फिक्स करून, धुऊन, थंड पेटीत आणा. पेटीत बर्फ नमुन्याला थेट लागू देऊ नका, गोठलेल्या पेशी फुटतात. जिवंत पेशींचं काम असेल तर वाढवण्याचं काम इथेच करा, त्यासाठी दोन दिवस आधी या. रक्त ईडीटीएच्या ट्यूबमध्ये, थंड, आणि त्याच दिवशी. शिळ्या रक्तातल्या तांबड्या पेशींना काटे फुटतात आणि ते आजाराचं लक्षण वाटू शकतं.

प्र. इथे स्लॉट मिळाला नाही तर?

आय-स्टेम या केंद्र सरकारच्या पोर्टलवर देशभरातल्या संशोधन उपकरणांची यादी आहे आणि तिथूनच बुकिंग करता येतं. आयआयटी मुंबईसारख्या ठिकाणची सैफ केंद्रं (अत्याधुनिक विश्लेषण उपकरणांच्या सामाईक सुविधा) बाहेरच्या विद्यार्थ्यांचे नमुने शुल्क घेऊन करतात. धुळ्याहून नाशिक-पुणे किंवा इंदूर, नवापूरहून सुरत असा विचार करून बघा. जाण्याआधी फोन करून दोनच गोष्टी विचारा: द्रवातलं स्कॅनिंग होतं का आणि जैविक नमुने घेता का. अनेक एएफएम पदार्थविज्ञानाच्या विभागांत असतात आणि तिथे रक्त किंवा जिवाणू चालत नाहीत.

प्र. पेपरमध्ये पद्धत लिहिताना काय काय द्यायचं?

मोड, हवा की द्रव, तापमान, कॅन्टिलिव्हरचा मोजलेला स्प्रिंग कॉन्स्टंट आणि तो कसा मोजला, टिपचा आकार व त्रिज्या, सेटपॉइंट (फीडबॅकने राखायची ठरवलेली पातळी), स्कॅनचा वेग, पिक्सेल, नंतर केलेली प्रत्येक दुरुस्ती. "एएफएमने इमेज घेतली" या एका वाक्यावर परीक्षकाने पेपर परत पाठवला तर तो बरोबर आहे.

प्र. माझ्या हातून टिप मोडली तर दंड लागेल का?

नाही. एक टिप हजार-दोन हजार रुपयांपासून पुढे मिळते, तेव्हा जपून वापरा, पण लपवू नका. मोडलेल्या टिपने पुढचे तीन तास स्कॅन करत राहिलात तर तुमचा आणि तुमच्यानंतरच्या मुलीचाही दिवस जातो. मोडलेल्या टिप मी एका डबीत जपून ठेवते. पहिल्या दिवशी येणाऱ्या प्रत्येकाला साध्या मायक्रोस्कोपखाली एक चांगली आणि एक मोडकी शेजारीशेजारी दाखवते, मगच यंत्राजवळ बसवते.